भानुदासअण्णांची बोराटी

भानुदासअण्णांनी झाडाच्या छाटणीला शेळ्या लावल्या होत्या, आणि हे मी थट्टेनं सांगत नाही.

आम्ही दोघं एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरीला. मी टायपिस्ट, ते ऊसनोंदीचे मदतनीस. टेबलं समोरासमोर. मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचं आणि कोणाच्या रानात किती ऊस उभा आहे ते वहीत टिपून आणायचं, हे अण्णांचं काम. अशाच एका फेरीत वडवणीकडच्या माळावर त्यांना एक बोराटी दिसली. बोराटी म्हणजे रानबोरीचं काटेरी झुडूप. आमच्याकडे ते तोडून कुंपणाला लावतात, नाहीतर शेळ्या खातात. त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळून कोणी बघत नाही. अण्णा मात्र दोन तास बघत बसले आणि तिथल्या वस्तीवरच्या सुभद्राबाई नावाच्या म्हातारीच्या सात शेळ्यांना त्यांनी कामावर घेतलं. महिन्यातून एकदा कॅरिअरला उसाच्या वाढ्यांची, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याची, पेंढी बांधून न्यायची, म्हातारीच्या पुढ्यात टाकायची आणि हुकूम सोडायचा, "मावशी, ह्या म्हैन्यात उगवतीकडून चारा. मावळतीच्या फांदीला तोंड लावू देऊ नका."

"शेळ्यांला उगवत-मावळत कळती का, साहेब?"

"शेळ्यांला कशाला कळाय पायजे? तुमाला कळती ना?"

म्हातारीला वाटायचं, कारखान्याचं काहीतरी संशोधन चालू असावं. वाढं मिळत होतं, त्यामुळे ती संशोधनाच्या आड आली नाही.

या सगळ्याचं मूळ होतं बोन्साय. ताटाएवढ्या कुंडीत हातभर उंचीचं आणि आजोबांच्या वयाचं झाड. एका वर्षी कारखान्यानं आमचा अभ्यासदौरा पुण्याकडे काढला होता, ठिबक सिंचन बघायला. वाटेत कुणीतरी झाडांच्या प्रदर्शनापाशी गाडी थांबवली. बाकीचे चहा पिऊन गाडीत येऊन बसले, अण्णांचा पत्ता नाही. शेवटी मी शोधायला गेलो, तर एका उथळ कुंडीतल्या वडापुढे ते उकिडवे बसलेले. "वाघमारे," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "साठ वर्साचं झाड हाय, आन् पाणी किती पितं माहिताय? दिवसाला एक पेला! अहो, हे आपल्या जिल्ह्याचं पीक हाय. आपुन येड्यासारखा ऊस कावून लावलाव?"

साखर कारखान्याच्या माणसानं असं बोलू नये. पण अण्णा तिथंच थांबले नाहीत. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ऐनवेळच्या विषयांत उभे राहून त्यांनी बोन्साय उत्पादकांची सहकारी संस्था काढायचा ठराव मांडला. सभेला वाटलं, ही नवीन उसाची जात आहे. उंची एक हात असं कळल्यावर मंडपात जो हशा पिकला तो बराच वेळ थांबेना. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "अण्णा, एका झाडामागं सभासद किती?" अण्णांनी न रागावता सांगितलं, "एकच बास, साहेब. पण त्यानं रोज आलं पायजे." हे उत्तर इतिवृत्तात घ्यावं की नाही, हे मला कोणी सांगितलं नाही. मी घेतलं.

कुंडीत झाड लावणारे पुष्कळ असतात, पण अण्णांचा जीव झाड निवडण्यात होता. "घडवणं काय, कुनीबी घडवल," ते म्हणायचे. "निवडताना चुकलाव की दहा वर्सं गेली." त्यामुळे निवडताना ते कोणाची भीड ठेवत नसत. शेंड्याकडे तर बघायचेच नाहीत. "आधी बुडखा बघा, साहेब. शेंडा काय, आज हाय, उद्या कातरीनं काढला." बुडखा म्हणजे खोड जमिनीतून वर येतं ती जागा. तिथं मुळ्या चोहोबाजूंनी पसरलेल्या हव्यात, कोंबडीनं पंजा रोवावा तशा. एकाच बाजूला मुळी असली की अर्ज बाद. खोड खाली जाड आणि वर निमुळतं होत गेलेलं हवं; खालपासून वरपर्यंत सारखं असलं तर, "हा तर टेलिफोनचा खांब." पान बारीक हवं. फांद्या खालपासून हव्यात. नखानं साल किंचित खरवडली की आत हिरवं दिसायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाडानं मार खाल्लेला हवा. शेळीनं, कुऱ्हाडीनं, वणव्यानं, कशानंही. रोपवाटिकेतल्या टवटवीत रोपाला ते हातसुद्धा लावत नसत. "लई लाडाचं हाय. एक दिवस पाणी न्हाई दिलं तर रुसून बसल."

तर अशी झाडं शोधत अण्णा कुठं कुठं फिरायचे याला धरबंध नव्हता. मांजरसुंब्याला एका ढाब्यावर आम्ही जेवायला थांबलो होतो. अण्णा हात धुवायला गेले ते आलेच नाहीत. थोड्या वेळानं मालक तणतणत आला, "तुमचा माणूस माझी मोरी कावून उकरतोय?" मोरीमागच्या भिंतीच्या फटीत पिंपळाचं एक झाड होतं, आणि अण्णा सळईनं फटीतला चुना काढत होते. मालकाला भिंत हवी होती, अण्णांना पिंपळ. शेवटी मीच दोघांची समजूत घातली. पिंपळ निघाला, भिंतीचा कोपराही निघाला, आणि पुढचे दोन रविवार अण्णा स्वतः थापी घेऊन ती भिंत लिंपत होते.

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी घरचे म्हणून अण्णांना बोलावलं. मुलाचे केस कपाळावर आलेले, बोलणं थोडं फुशारकीचं. आम्ही सगळे विचारात पडलो. अण्णा पूर्ण वेळ सतरंजीकडे नजर लावून बसले होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "द्या बिनघोर. पोरगं टाचा टेकवून बसतं. बुडखा लई चांगला हाय. वरचं काय, तुमची बहीण छाटल." संसार उत्तम चालला आहे. मात्र मेहुणे अजूनही अण्णा दिसले की पाय आखडून घेतात.

घरी अण्णा एकटे होते. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. कारखान्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ते आणि अडतीस कुंड्या. आम्ही कधी गेलो की चहा करायचे आणि मग एकेका कुंडीची ओळख करून द्यायचे, "हे भिंतीतलं. हे वणव्यातलं. ह्याला बैलानं तुडवलंवतं." आम्ही उठायला लागलो की आणखी एक कुंडी पुढे करायचे. मला तेव्हा वाटायचं, माणूस भारी हौशी आहे.

पण या अडतीसांत माळावरची बोराटी नव्हती. अण्णांच्या लेखी बाकी सगळी झाडं एका पारड्यात आणि ती एकीकडे. उंची गुडघ्याएवढी आणि बुंधा माझ्या मांडीएवढा. कित्येक वर्षं शेळ्यांनी खाऊन खाऊन तिला असा आकार आणला होता की कोणा कारागिराला जमू नये. ती एकदा कुंडीत उतरवायची आणि पुण्याच्या त्या प्रदर्शनात नेऊन ठेवायची, एवढी एकच इच्छा अण्णा बोलून दाखवायचे. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. पण काढायचं झाड घाईनं काढत नाहीत. आधी एका वर्षी एका बाजूची मुळी तोडायची, म्हणजे बुंध्यालगत नवी मुळी फुटते, मग पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूची, आणि चांगला पाऊस लागून जमीन मऊ झाली की उचलायचं. अण्णांनी मुळ्या तोडल्या आणि पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं. दुसरंही गेलं.

दुसऱ्या वर्षी ऊस जळून गेला. नोंदवायला ऊसच नाही म्हटल्यावर अण्णांना काम उरलं नाही. ते ऊसनोंदीच्या रिकाम्या वहीत झाडं नोंदवू लागले. गाव अमुक, जात बोराटी, लागणीची तारीख देवाला ठाऊक, पाण्याची सोय न्हाई. कॉलनीत चार दिवसांनी टँकर यायचा. अण्णा मोठ्या घमेल्यात बसून अंघोळ करायचे आणि तेच पाणी कुंड्यांना घालायचे. साबणानं झाडांना त्रास होतो म्हणून त्यांनी साबण सोडला. या त्यागाची झळ समोरच्या टेबलावर मला लागत होती.

आता रिकामा वेळ होता म्हणून ते दर आठवड्याला बोराटीकडे जाऊ लागले. तिथं जाऊन काय करायचे ते मी एकदा पाहिलं होतं. जमीन तापलेली आणि काट्यांची, म्हणून चपला काढून गुडघ्यांखाली घ्यायचे. दोन्ही हात जमिनीवर टेकायचे. मुळी कुठवर पसरली ते दिसावं म्हणून बाटलीतलं पाणी हळूच बुडख्यावर ओतायचे आणि मग कपाळ मातीला लागेपर्यंत वाकून बघत राहायचे. सुभद्राबाईला खूण कळावी म्हणून मावळतीच्या फांदीला त्यांनी कापडाची चिंधीही बांधली होती. ऑफिसात जुनी दप्तरं बांधायला लाल कापड असतं, त्यातली.

आता दुष्काळाच्या दिवसांत हे लांबून बघणाऱ्याला काय वाटणार? कारखान्याचा साहेब एवढ्या उन्हात लांबून येतो, चपला काढतो, पाणी वाहतो, डोकं टेकवतो आणि लाल फडकं बांधून जातो.

एका सोमवारी अण्णा ऑफिसात आले ते पांढरेफटक पडून. "वाघमारे, तिला शेंदूर फासलाय कुनीतरी."

मला हसू आवरेना. पण पुढच्या आठवड्यात नारळ आला. मग एका काठीला झेंडा आला. आजूबाजूच्या वस्त्यांवरून बायका येऊ लागल्या. नावही पडलं, बोराटीआई. पाऊस पाडते म्हणे. अण्णांनी आणखी तीन आठवडे कळ काढली. चौथ्या आठवड्यात त्यांना कळलं की वस्तीवरची माणसं आईला सिमेंटचा कट्टा बांधणार आहेत, अगदी बुंध्याला भिडवून.

"बुडखा गाडतायत हो!" अण्णांचा आवाज चिरकला. "अठरा वर्सांत असा बुडखा बघितला न्हाई मी. चला तुमी. खरं काय ते सांगून टाकू."

"मी कशाला?"

"तुमी बौद्ध माणसं. तुमचं देवीशी काय बिघडायचं न्हाई. माझ्या तोंडून निघायचं न्हाई ते."

युक्तिवाद बिनतोड होता. मी मागच्या सीटवर बसलो. वाटेत आम्ही भाषणाची तयारी केली. मावशी, हा देव नाही, हे झाड आहे. साहेब पाया पडत नव्हते, मुळ्या बघत होते. त्यांना ते कुंडीत लावायचं आहे. अण्णांनी मला तीनदा म्हणायला लावलं.

माळावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सिमेंटच्या चार गोण्या येऊन पडल्या होत्या, माणसं मात्र कोणी नव्हती. बोराटीपाशी सुभद्राबाई एकटीच बसली होती, आमच्याकडे पाठ करून. शेळ्या दिसत नव्हत्या. ती बोलत होती.

"आज एकच भाकर केली. परवाची चटणी व्हती. कालवण न्हाई केलं. एकलीसाठी कुठं चूल फुकत बसू? काल निम्मी भाकर उरली तर ती बी आजच्याला झाली."

अण्णा जागेवरच थांबले. पाचोळा वाजला तशी म्हातारीनं वळून बघितलं. "या साहेब. आज दोगं जणं?"

"शेळ्या कुठं गेल्या, मावशी?" अण्णांनी विचारलं.

"इकल्या की. पाणी मी पिऊ का त्यांला पाजू? कडा गावच्या बाजारात बरा भाव हाय म्हून पोरगा तिकडं घेऊन गेलता. तोबी आता बायकापोरं घेऊन ऊसतोडीला गेला कर्नाटकात. हितं ऊसच न्हाई तर काय करल?" तिनं शेजारी ठेवलेली लोटी उचलली. तळाशी दोन घोट पाणी असेल. ते तिनं बोराटीच्या मुळाशी ओतलं. "टँकरचं हाय. माझ्या वाटणीतलं."

मी घसा खाकरला. भाषण तयार होतं. अण्णांनी माझा दंड धरला, चांगलाच घट्ट.

म्हातारी अण्णांना म्हणाली, "तुमचंच बघून मी यायला लागले, साहेब. म्हणलं, एवढा शिकलेला मानूस डोकं टेकवतोय, तर आसल काईतरी. आन् खरं सांगू का? पाऊस पडल न पडल. पण हिला सांगितलं की बरं वाटतं. घरात बोलाय कुनीच न्हाई." मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "तुमी काय मागताव हो हिला? इतकी वर्सं येताव."

त्या क्षणी अण्णा खोटं बोलले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. मूलबाळ नव्हतं, बायको नव्हती, पाऊस नव्हता. मागायला पुष्कळ होतं. पण तो माणूस झाडांच्या बाबतीत कधी खोटं बोलला नाही.

"हिनं माझ्या घरी यावं," अण्णा म्हणाले. "येवढंच."

म्हातारी आधी हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. मग तिला ते खरं वाटलं असावं, कारण तिनं हात पुढे करून बोराटीच्या एका फांदीवर ठेवला, काट्यांची पर्वा न करता.

"आन् मंग मी कुनापाशी बसू?"

अण्णांनी माझा दंड सोडला. इतका वेळ पाठ केलेलं भाषण मी कधी विसरलो तेसुद्धा मला कळलं नाही.

कट्ट्याचं काम अण्णांनीच थांबवलं. वस्तीवरची माणसं आल्यावर त्यांनी सगळ्यांत जुना भक्त म्हणून सांगितलं की आईला मोकळी माती लागते, चार हातांच्या आत सिमेंट आलं तर ती कोपेल. माणसांनी ऐकलं. कट्टा लांबून गोल फिरला. त्या दिवसापासून अण्णा फेरीला जाताना पाच लिटरचा कॅन नेऊ लागले. अडतीस कुंड्यांच्या वाटणीत एक वाटेकरी वाढली, आणि दोन ग्लास सुभद्राबाईच्या मडक्यात.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. माणसं पेरणीला पळाली आणि बोराटीआईला विसरली. झेंडा फाटला, शेंदूर धुपून गेला. सुभद्राबाईचा पोरगा कुटुंबासह परतला होता, दोन शेळ्या पुन्हा दावणीला आल्या होत्या, नातवंडांच्या मागे धावताना म्हातारीला माळाकडे यायला फुरसत नव्हती. माती अशी मऊ झाली होती की हातानं उकरावी. मुळ्या तोडून ठेवलेल्या होत्याच. मी अण्णांना म्हणालो, "आता न्या. कोणी विचारणार नाही. पुण्याच्या प्रदर्शनाला अजून वेळ आहे."

"न्हाई ओ," अण्णा वहीत डोकं घालून म्हणाले. ऊस पुन्हा उभा राहिला होता आणि त्यांना काम होतं. "दसऱ्याला पोरगं परत तोडीला जाईल. म्हातारी राहील मागं. आली आन् जाग्यावर न्हाई सापडली तर?"

ते त्याच वर्षी निवृत्त झाले. क्वार्टर सोडून वडवणीत एक खोली घेतली. खोलीत कुंड्या मावेनात म्हणून बऱ्याच आम्हा लोकांत वाटल्या. माझ्याकडे ढाब्याचा पिंपळ आहे. देताना आमच्या घराची मोरी कुठल्या बाजूला आहे तेवढं त्यांनी विचारून घेतलं.

मागच्या हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी मी एसटीनं वडवणीला निघालो होतो. माळाजवळ चाक पंक्चर झालं, गाडी थांबली. पाय मोकळे करायला उतरलो तर लांब बोराटीपाशी कोणीतरी बसलेलं दिसलं. मला वाटलं सुभद्राबाई. जवळ गेलो तर अण्णा. चपला पायातच होत्या. मांडी घालून, झाडाकडे तोंड करून सावकाश बोलत होते. मला बघून जरा ओशाळले.

"मावशी?" मी विचारलं.

"पोरगं घेऊन गेलं तिला ह्या बारीला. लहान लेकरं हायत ना, संबाळाय." त्यांनी धोतराचा सोगा झटकला. "बरं झालं. एकली नको."

"आणि तुम्ही काय बोलत होता हिच्याशी?"

"काय न्हाई ओ," अण्णा म्हणाले. "काय जेवलो ते सांगत होतो."